बकरा कापला की सोडला

नजीर मास्तर,

तुमचा जनाजा उचलण्यापूर्वी तुमचा इरफान पुढे झाला आणि जमलेल्या मंडळींना म्हणाला, "अब्बाकडून कोनाचं काही राह्यलं असंन, कोनाचं मन दुखलं असंन, तं माफ करा. नाही तं मले सांगा." ही तुमच्याकडची रीत मला ठाऊक होती. मी डोक्याला रुमाल बांधून कडेला उभा होतो. माझ्या मागे कचेरीत नेहमी येणारा एक गृहस्थ होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "त्या अंजनगावच्या बाईची ओळ खाल्ली होती मास्तरनं. जाऊ द्या, माफ हाय." आजूबाजूच्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. तुम्हाला माफी मिळाली, मास्तर. जी चूक तुम्ही केली नाही तिची माफी तुमच्या अंगावर घालून तुम्हाला नेण्यात आले, आणि ज्याने ती केली तो खांदा द्यायला पुढे झाला.

मय्यतीकडून कोणाचे काही राहिले असेल तर ते विचारण्याची सोय तुमच्याकडे आहे. मय्यतीचे कोणाकडे काही राहिले असेल तर त्या इसमाने कोणत्या वेळी आणि कोणासमोर उभे राहावे, हे मात्र कोणी पुकारले नाही. सबब हा मजकूर.

साप्ताहिकाच्या संपादकांनी मला निरोप धाडला की मास्तरांवर चार शब्द लिहून द्या, तुमच्याइतके चांगले या तालुक्यात कोण लिहिणार. ते खरेच आहे. तुमचा जन्म कोठे झाला, शाळा कोणती, मागे परिवार किती, ही माहिती इरफान देईल. मी तीस वर्षे दुसऱ्यांच्या वतीने लिहिले. 'मी खाली सही करणार' असे लिहायचे आणि खाली सही किंवा अंगठा दुसऱ्याचा घ्यायचा, हा माझा व्यवसाय. लिहिणारा आणि सही करणारा एकच आहे असा हा माझा पहिला कागद. त्यामुळे तो बांधता येत नाही. एक वाक्य होते आणि मी उठून अंगणात जाऊन येतो.

प्रथम हकिकत लिहितो, कारण तिच्यावाचून वाचणाऱ्यास पुढचे कळणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी गिरजाबाई नावाची वृद्ध विधवा आपल्या दोन मुलांसह तहसील कचेरीच्या आवारात, कडुनिंबाखालच्या माझ्या टेबलाशी आली. नवरा वारला होता आणि शेतावर वारसांची नावे चढवायची होती. मी विचारले, लेकरे किती. तिने बोटे मोडून सांगितले, "गजानन, विठ्ठल अन् सुनंदा. सुनंदा अंजनगावले देल्ली हाय." तुम्ही माझ्या उजव्या हाताला टाईपरायटरशी बसला होता, तुम्हीही ऐकले. मी कधी टिपण ठेवत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पक्षकाराचे एकदा ऐकायचे, डोळे मिटायचे आणि मजकूर अखंड सांगायचा, ही माझी पद्धत लोक उभे राहून पाहत असत. त्या दिवशीही पाच-सहा माणसे पाहत होती. मी डोळे मिटले आणि सांगितले. पत्नी गिरजाबाई, मुलगा गजानन, मुलगा विठ्ठल. पुढे विनंती विशेष आणि तारीख.

सायंकाळी मशीनवर कापड घालताना तुम्ही म्हणालात, "उत्तमभाऊ, तिसरं नाव नाही आलं."

मी म्हणालो, "ते पुरवणी अर्जात घेऊ. तशी पद्धत असते."

अशी काही पद्धत नसते, मास्तर. परंतु कायदा मला कळतो, यावर तुमचा माझ्यापेक्षा अधिक विश्वास होता. पुरवणी अर्ज मी कधीच केला नाही. चावडीवर नोटीस लागली, कोणी हरकत घेतली नाही, आणि सुनंदाबाईच्या नावावाचून फेरफार मंजूर झाला.

दोन वर्षांनी सुनंदाबाई सातबाऱ्याचा उतारा घेऊन कचेरीत आल्या. बाजाराचा दिवस होता, कडुनिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. त्या थेट माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. "माह्यं नाव कोनं खाल्लं?" मी समोरच्या कागदावर पाहत राहिलो. माझ्या अर्जनवीस परवान्याच्या नूतनीकरणाचे प्रकरण त्याच आठवड्यात तहसीलदार साहेबांच्या टेबलावर होते आणि हे तुम्हाला ठाऊक होते. तुम्ही मशीनमागून उठलात.

"ताई, ओळ माह्याकडून सुटली. टायपिंगची चूक हाय."

"मेल्या, डोये फुटले होते काय तुहे?"

"हो ताई. चुकलं माह्यं."

तुम्ही असे का केलेत हे मी कधी विचारले नाही, कारण विचारले असते तर तुम्ही उत्तर दिले असते.

पुढे चौकशी झाली. मला लेखी जबाब मागितला गेला आणि मी माझ्या प्रत्येक अर्जाच्या तळाशी असते तेच वाक्य लिहून दिले: 'अर्जदार यांनी सांगितल्याप्रमाणे मजकूर लिहिण्यात आला.' एका वाक्याने मी दोघांना खोटे पाडले. ओळ सुटली हे तुमचे म्हणणे कागदावर टिकेना, आणि गिरजाबाईंनीच मुलीचे नाव सांगितले नाही असा अर्थ झाला. मुलांनी तो उचलला. आईनेच नाव वगळले, बहिणीने लग्नातच हक्क सोडला होता, असे ते आजही अपिलात म्हणत आहेत. म्हातारी शपथ घेऊन सांगत होती की मी नाव सांगतलं. परवानाधारक माणसाच्या सहीपुढे तिच्या शपथेचे काय चालणार. सुनंदाबाईंनी माहेरची पायरी सोडली. पुढच्या उन्हाळ्यात गिरजाबाई वारल्या.

लोकांनी माझा जबाब वाचला नाही. लोकांनी तुमचे बोलणे ऐकले होते. "त्या मास्तरकडं देऊ नोका, ओळ खाते तो," असे पक्षकार एकमेकांना सांगू लागले. नंतर आवारात विनापरवाना बसणाऱ्यांनी उठावे असा हुकूम निघाला आणि तुम्ही मशीन उचलून रस्त्यापलीकडे, झेरॉक्सच्या दुकानाशेजारच्या पत्र्याखाली गेलात. मी म्हणालो, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. आणि आज खरे लिहायला बसलो आहे म्हणून हेही लिहितो की तुम्ही रस्ता ओलांडलात तेव्हा मला बरे वाटले. दिवसभर उजव्या हाताला तुम्ही दिसणार नव्हता.

असे असून तुम्ही रोज तीन वाजता रस्ता ओलांडून माझ्या टेबलाशी चहाला येत राहिलात, आणि माझे मजकूर मी रस्ता ओलांडून तुमच्याकडेच टाईप करून घेत राहिलो. दुसऱ्या कोणाला माझे सांगणे झेपत नसे.

माझे शिक्षण नववीपर्यंतचे. ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही. तुम्हाला सांगितली होती, आणि तुम्ही ती कोणाला सांगितली नाही. मात्र त्या दिवसापासून तुम्ही अमरावतीच्या रद्दीत मिळालेला तो जाडजूड इंग्रजी शब्दकोश चहाला येताना बरोबर आणू लागलात, ज्याला पुढचा पुठ्ठा नव्हता आणि ज्यात प्रत्येक शब्दापुढे त्याची वंशावळ बारीक अक्षरात छापलेली होती. चहाचा पहिला घोट झाला की तुम्ही विचारायचात, "आज कोनाचा फेरफार काढाचा?" शब्दालाही बाप, आजा, पणजा असतो आणि तो कोणत्या मुलखातून आला याची नोंद असते, हे मला त्या चहावर कळले. जोडशब्द तुम्हाला विशेष प्रिय. त्यांना दोन घराणी असतात, चौकशीला दुप्पट मजा, असे तुम्ही म्हणायचात.

'हसबंड' हा मूळचा जोडशब्द असून त्याचा अर्थ घर धरून राहणारा असा आहे, हे निघाले तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. "मंग तुमी कायचे हसबंड? दिवस निघला का अटीच, या कचेरीत." 'लॉर्ड' म्हणजे भाकरीचा राखणदार, हे मी एका घरमालकास मोठ्या कौतुकाने सांगितले, कारण आम्ही त्याच्या नोटिशीत त्याला लँडलॉर्ड म्हटले होते. तो म्हणाला, मी काय कोनाच्या घरचा सैपाकी हाय? आणि नोटीस दुसऱ्याकडून लिहून घेतली. आठवडाभर तुम्ही मला 'या भाकरवाले' म्हणत होता.

त्या तीन वाजताच्या चहावर मी जे काही शिकलो ते शिकलो. याबद्दल आभार मानण्याचा नमुना माझ्यापाशी नाही.

आता बकऱ्याविषयी.

एका गावचा कोतवाल निलंबित होऊन माझ्याकडे आला होता. चावडीतली नोंदवही वरच्यांच्या हातून हरवली आणि दोष या गरिबावर आला, अशी त्याची तक्रार. मी त्याला तुमच्या पत्र्याखाली घेऊन आलो, डोळे मिटले आणि सांगू लागलो: 'वरिष्ठांनी आपली जबाबदारी झटकून मज गरिबास बळीचा बकरा केले असून...' मशीन थांबले.

"उत्तमभाऊ, हा बकरा कापला का सोडला?"

"म्हणजे?"

"नाही, मले टाईप कराचं हाय म्हनून इचारतो. बळीचा म्हनता, तं कापला. पन याले तं कोनी कापलं नाही. हा तं समोर बसून चहा पिऊन राह्यला."

कोतवालाने घाबरून कप खाली ठेवला. "पे बाप्पा, पे," असे म्हणून तुम्ही शब्दकोश ओढलात.

इंग्रजीतला स्केपगोट म्हणजे आपला बळीचा बकरा, असे सर्वांप्रमाणे मीही समजत होतो. तुम्ही त्याची वंशावळ उलगडलीत. यहुदी लोकांच्या जुन्या पोथीत वर्षातून एक दिवस असा असे की दोन बकरे आणायचे आणि चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवाच्या नावाचा, तो कापायचा. दुसऱ्यावर सगळ्या लोकांची पापे घालायची आणि त्याला जिवंत रानात सोडून यायचे. "पाप ज्याच्यावर टाकलं तो जित्ता होता," तुम्ही म्हणालात. "कापला तो दुसराच. तुमी मराठीवाल्यायनं दोन बकऱ्यायचा एक करून टाकला."

पोथीत लिहिले होते की हा दुसरा बकरा अझाझेलसाठी. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी जो विद्वान ती पोथी इंग्रजीत आणत होता, त्याने त्या नावाचे दोन तुकडे पाडले, बकरा आणि निघून जाणारा, आणि त्यावरून 'स्केप' आणि 'गोट' असा नवाच जोडशब्द घडवला. 'स्केप' म्हणजे निसटणे. 'एस्केप'चे डोके उडवले की उरते ते. त्याअगोदर हा शब्द इंग्रजीत नव्हता. एका माणसाने एका बैठकीत जन्माला घातलेला शब्द, आणि त्याचा बाप नावानिशी ठाऊक. वारस नोंदीला इतके स्वच्छ प्रकरण माझ्या पाहण्यात नाही.

"अन् आमच्यात अज़ाज़ील म्हंजे कोन, सांगू?" तुम्ही हसत म्हणालात. "इब्लीस. सैतान व्हाच्या अगोदरचं त्याचं नाव. माह्या आजीलेही मालूम होतं. त्या पंडितानं माह्या आजीले इचारलं असतं, तं हा शब्द जलमलाच नसता."

"त्या पंडिताचे पुढे काय झाले?"

"पोथी लोकायच्या भाषेत आनली म्हनून गया आवयून मारला, मंग जायला."

"गळा आवळून जाळला. म्हणजे त्याला कापलेच."

"हो. त्याले नाही सोडलं."

कोतवाल म्हणाला, "सायेब, कापला लिवा, नाही तं सोडला लिवा. पन आज लिवा. हाफिस बंद होते."

तुम्ही हसून मशीनवर बोटे ठेवलीत आणि कागदाकडे पाहतच म्हणालात, "सोडाच्या अगोदर एक काम राह्यते, भाऊ. पुजाऱ्यानं दोन्ही हात बकऱ्याच्या डोक्यावर ठेवाचे, अन् एकेक पाप तोंडानं बोलून दाखवाचं. त्याबिगर बकरा हालत नाही." मी रस्त्याकडे पाहत होतो. कोतवालाच्या अर्जात शेवटी आपण 'विनाकारण दोषी धरण्यात आले' असे साधे लिहिले.

हा वाद नंतर कित्येक वर्षे चालला. मी म्हणायचो, सोडला काय नि कापला काय, बकरा तो बकराच. तुम्ही म्हणायचात, "कापलेल्याचं एकदाच होते, उत्तमभाऊ. सोडलेल्याले सगळ्यायचं घेऊन फिरा लागते." एकदा अमरावतीहून परवान्याचे काम आटोपून येताना बसमध्ये मोबाइलवर मला सापडले की पुढच्या काळात ते लोक त्या बकऱ्याला रानात सोडत नसत, कड्यावरून ढकलून देत. मी बसस्टँडवरून घरी न जाता थेट तुमच्याकडे आलो. "मास्तर, तुमचा बकरा मेला."

तुम्ही मोबाइल डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचलेत. "पोथीत सोडलेलाच हाय. हे मांगून सुरू झालं."

"कशासाठी?"

"भेव वाटलं असंन. बकरा हाय, वाट ओयखते. फिरून गावात आला तं?"

मी तो विजय माझ्या खात्यात धरला आणि झेरॉक्सवाल्यालाही सांगितला. परंतु मास्तर, रोज तीनच्या सुमारास तुम्ही दोन्ही बाजूंना पाहत रस्ता ओलांडू लागलात की मलाही तेच भय वाटे. आज हा बोलेल. आज चार माणसांसमोर बोलेल. आणि तुम्ही यायचात, बाकड्यावर टेकायचात आणि विचारायचात की आज कोनाचा फेरफार काढाचा. नऊ वर्षे.

गेल्या पोळ्याला तुम्ही 'एस्केप'चेही घराणे काढलेत. तो शब्दही आतून दोन तुकड्यांचाच निघाला, 'बाहेर' आणि 'अंगरखा'. पकडणाऱ्याच्या हातात अंगरखा राहू द्यायचा आणि आपण उघड्या अंगाने निसटायचे, म्हणजे एस्केप. मी हरकत घेतली. "बकऱ्याला कोठला अंगरखा?" तुम्ही म्हणालात, "तेच तं. हा तुकडा मानसाचा हाय. बकऱ्याले उगाच चिटकवला." मी म्हणालो, उद्या विचार करून उत्तर देतो. ते उत्तर तुम्हाला दिले नाही. ते असे की त्या शब्दात पहिल्यापासून दोघे आहेत, मास्तर. निसटला तो वेगळा आणि रानात गेला तो वेगळा. आणि लोकांच्या हातात जो अंगरखा राहिला, तो निसटणाऱ्याचा नव्हता. तो तुमचा होता.

अकोल्याच्या दवाखान्यात मी आलो तो हेच बोलायला आलो होतो. भाभी स्टुलावर बसून संत्रे सोलत होत्या. तुमच्या नाकाशी नळी होती. तुम्ही विचारलेत, "आज कोनता शब्द?" मी म्हणालो, आज राहू द्या. भाभी संत्र्याच्या फोडी घेऊन बाहेर गेल्या. मला वाटते, त्या मुद्दाम गेल्या. तुम्ही म्हणालात, "उत्तमभाऊ, तुमी काही सांगाले आल्ते." मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो की गाडीची वेळ झाली. गाडीला तासभर अवकाश होता. तो तासभर मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा होतो.

तुमच्या मातीनंतर बारा दिवस मी कचेरीत गेलो, डोळे मिटले, मजकूर सांगितला, आणि प्रत्येक अर्जाच्या तळाशी ते 'सांगितल्याप्रमाणे'चे वाक्य आले की माझी जीभ अडे. काल मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला, स्वतःच्या हाताने लिहिला, आणि दर्यापूरवरून जीपने अंजनगावला गेलो.

सुनंदाबाई अंगणात ओल्या फडक्यावर विड्याची पाने लावत बसल्या होत्या. केस पांढरे झाले आहेत. त्यांनी मला ओळखले. "अर्जवाले न तुमी? आता काय राह्यलं माह्यं खाचं?" उठल्या नाहीत, बसाही म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सांगितले की नाव टायपिंगमध्ये सुटले नव्हते, मी सांगितलेच नव्हते. मास्तरांनी माझ्यासाठी आपल्या अंगावर घेतले. माझा जबाब खोटा होता आणि मी तो बदलून द्यायला आलो आहे.

त्यांचे हात थांबले नाहीत. एक पान उलटे लागले, ते काढून सुलटे लावले. मग त्यांनी एवढेच विचारले. "मायनं नाव घेतलं होतं?"

येथे मला थांबावे लागते, मास्तर, कारण यापुढचे तुम्हालाही ठाऊक नव्हते. तुम्हाला वाटत होते की मी विसरलो. मी विसरलोच होतो. परंतु तुम्ही कागद मशीनमधून काढून दिलात आणि जोहरच्या, दुपारच्या नमाजला गेलात, त्यानंतर अंगठा घेण्यासाठी मी शाईची पेटी उघडली. गिरजाबाईंनी अंगठा पुढे केला आणि तो कागदावर टेकण्याअगोदर विचारले, "बापू, सुनंदाचं नाव आलं न?" तेव्हा मला आठवले. लोक उभे होते. त्यांच्यातल्याच एकाला मी नुकतेच सांगितले होते की माझा कागद साहेबाकडून कधी परत येत नाही. त्यांच्यासमोर तो फाडून दुसरा घालायचा, हे मला झाले नाही. मी म्हणालो, "आलं, मावशी. करा अंगठा."

हे मी सुनंदाबाईंना असेच सांगितले, शब्दाला शब्द.

त्यांनी पुढचे पान फडक्यावर लावले. मग पानांकडे पाहतच म्हणाल्या, "माय मले म्हने, मी इचारलं होतं व, तो आलं म्हनला. मी तिले लबाड म्हटलं. भावायच्या बाजूनं बोलून राह्यली म्हटलं." आणि पुन्हा, "मरेपावतर मी गेली नाही तिच्याकडं."

मी मसुदा पुढे केला. त्यांनी पदराला हात पुसले आणि एकेका शब्दाला बोट लावत वाचला. सातवी शिकलेल्या आहेत. दुसऱ्या परिच्छेदात बोट थांबले. "'नजरचुकीने नाव राहून गेले.' हे काय लिवलं?"

"तशी भाषा असते, ताई. कागदाची."

"नजर तं चुकली नव्हती तुमची. मायनं इचारलं अन् तुमी आलं म्हनले. ते लिवा."

मी खिशातून पेन काढले, मसुदा त्यांच्याच उंबऱ्यावर ठेवला आणि ते वाक्य खोडले. वर लिहिले: 'अर्जदार यांनी विचारले असता नाव आले आहे असे मी खोटे सांगून अंगठा घेतला.' बाजूला सही केली. इतकी वर्षे अर्ज लिहिले, परंतु 'खोटे' हा शब्द 'मी' या शब्दाच्या इतक्या जवळ माझ्या हातून कधी आला नव्हता.

"आता वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं."

शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. मी वाचले. 'सदर चुकीत टंकलेखक नजीर मास्तर यांचा कोणताही दोष नव्हता' हे वाक्य आले तेव्हा सुनंदाबाईंनी हात वर केला. "हे पुन्हा." मी पुन्हा वाचले.

"मास्तर कुठं असतात आता?"

"वारले. आज तेरावा दिवस."

त्यांनी फडक्याच्या चारी कडा पानांवर ओढून घेतल्या. "त्यायले मी भऱ्या बजारात मेल्या म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "घरी कोन हाय त्यायच्या?"

"भाभी आहेत. मुलगा आहे."

"पत्ता लिवून द्या. मायकडं नाही जाता आलं, तिथं तरी जातो."

मी पत्ता लिहून दिला आणि म्हणालो की मी बरोबर येतो, घर दाखवतो. त्यांनी कागदाची घडी घातली. "नाही, तुमी नोका येऊ. तुमी तारखेले या."

अपिलाची तारीख सोमवारी आहे, मास्तर. जबाब दिल्यावर परवाना जाईल, हे मला कोणी सांगायला नको. गजानन आणि विठ्ठल समोर असतील, कडुनिंबाखालची मंडळी दारात उभी राहतील, आणि साहेब विचारतील की अकरा वर्षे काय करत होता. या प्रश्नाच्या उत्तराचा मसुदा मी काल रात्रीपासून चार वेळा केला आणि चारही वेळा फाडला. आता तो लिहून नेणार नाही. विचारतील तेव्हा, उभ्या उभ्या, जे तोंडाला येईल ते बोलेन.